रेती खंयची?

सिमेंटचे पत्रे उतरवले त्या दिवशी
घरात पहिल्यांदा आभाळ आलं,
तेही दुपारी बाराचं, न विचारता,
थेट पिठाच्या डब्यावर.

जयवंत म्हणाला, स्लॅब टाकू या, एकदाचं मिटेल.
मी म्हटलं, स्लॅबखाली मे महिन्यात तू झोप,
मी विहिरीत झोपते.
मग आठ दिवस कुणी कुणाशी बोललं नाही
आणि नवव्या दिवशी तोच
कुडाळकडून जुनी कौलं घेऊन आला,
एका बंद पडलेल्या शाळेची,
टेम्पोभर, गवतात गुंडाळलेली.
कधीतरी छपरावर अडकलेला रबरी चेंडूही
त्यांच्याबरोबर आला. टप्पा अजून घेतो.

बुधाजी मेस्त्रीने पडवीची भिंत सोडवली,
चिरा चिरा, नारळ सोलावा तशी.
पंचवीस पावसाळे खाऊन तोंडं काळी पडलेली,
पण परतले की दुसरी बाजू
खाणीतून आत्ता काढल्यासारखी तांबडी.
"माणूस असो परतूक गावलो असतो तर..."
एवढं म्हणून त्याने विडी पेटवली.

सगळंच काही जमलं नाही.
फणसाचं दार ठेवलं, त्याला वाळवी निघाली.
शिंपल्यांचा चुना भाजायची भट्टी शोधत गेलो,
तिथे आता एका लॉजचं पार्किंग.
चुना शेवटी घाटावरून आला, गोणीतून.
न्हाणीच्या फरश्या गुजरातच्या,
घसरत नाहीत म्हणून सासूबाईंसाठी घेतल्या.
हे मी कुणापासून लपवत नाही.
न्हाणीचं पाणी मात्र केळीकडे वळवलं.
खर्च: एक दुपार, एक फावडं, माझी कंबर.

मग एका संध्याकाळी बुधाजी म्हणाला,
"वैनी, आज रातीक रेती येतली. अर्ध्या भावात."
"खंयची?"
"खाडयेची. आणि खंयची?"

ती जागा मला माहीत आहे.
ओहोटीला गुडघाभर पाण्यात उभी राहून
आई पायाच्या अंगठ्याने तिसऱ्या हुडकायची,
मी टोपली धरायची.
आता तिथे रात्रभर पंप खोकतो,
सकाळी पाणी चहासारखं,
आणि जिथे ती उभी राहायची
तिथे बांबू बुडतो. अख्खा.

दोन वाजता डंपर आला, दिवे बंद करून.
मी गाऊनवर जयवंतचा शर्ट चढवून फाटकात.
ड्रायव्हर म्हणजे मिसरूड फुटलेला पोरगा.
"काकू, परत नेऊ? मग डिझेल कोण देणार?"
डिझेलचे पैसे मी दिले. सातशे.
खाडीचं काही वाचवलं नाही मी:
पुढच्या वळणावर, धुरींच्या बंगल्यापाशी,
तो रिकामा झाला.
रेती ओतल्याचा आवाज
अंथरुणापर्यंत आला, लाट मागे जावी तसा.

सकाळी बुधाजी कपाळाला हात लावून बसलेला.
"मगे भिंत कशान लिंपूची?"
आम्ही तिघांनी जुना गिलावा कुटला, चाळला,
चुन्यात कालवला, गुळाचं पाणी घातलं.
मुंग्या आल्या, त्यांनाही काही दिवस काम मिळालं.
पुरला तो आतल्या दोन खोल्यांना.
रस्त्याकडची भिंत तशीच राहिली,
नुसते चिरे, उघडे, भोकाभोकांचे.

येणारेजाणारे विचारतात, "पैशे संपले काय गो?"
मी हो म्हणते.
ते लोकांना पटकन समजतं.

काल दुपारी त्या भिंतीशी
एक कुंभारीण माशी घिरट्या घालत होती.
विहिरीच्या काठची ओली माती, मोहरीएवढी,
आणायची, चिऱ्याच्या एका भोकात थापायची,
पुन्हा जायची.
भांडी विसळता विसळता मी थांबले.
बावीस खेपा मोजल्या.
मग कुकरची शिट्टी झाली.